कार्मार्थनचा बाजारक्रूस

वेल्सच्या नैर्ऋत्य भागांत टोवी नदीच्या कांठीं कार्मार्थन नांवाचें एक जुनें शहर आहे. तेथील पडक्या किल्ल्याच्या दरवाजासमोर एक लहानसा चौक असून त्यास नॉट चौक असें म्हणतात. चौकांत एका सेनापतीचा ब्राँझचा पुतळा उभा आहे, आणि पुतळ्याच्या पायथ्याशीं एका बिशपाच्या मरणाची आठवण देणारा लहान फलक आहे. मध्ययुगांत याच चौकांत शहराचा बाजारक्रूस होता. प्रथम क्रूस, मग त्याच्या शेजारीं पेटलेली चिता, आणि शेवटीं पुतळा, अशा तीन खुणा या जागेनें पाहिल्या.

परदेशांतील एका आडगांवच्या चौकाशीं मराठी वाचकाला काय कर्तव्य आहे, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्यांत नवल नाहीं. त्या पुतळ्याच्या धातूंत आपल्याकडील एका रणांगणाचा अंश मिसळलेला आहे, हें एक उत्तर आहे, आणि त्याकडे आम्ही यथावकाश येऊंच. परंतु तेवढ्यासाठींच आम्हीं हा विषय हातीं घेतलेला नाहीं. लोक ज्या ठिकाणीं पोटापाण्यासाठीं आपण होऊन जमतात, तें ठिकाण प्रत्येक सत्तेला हवें असतें. तेथें गर्दी जमवावी लागत नाहीं. ती आधींच असते. म्हणून राजा, धर्मपीठ, कंपनी सरकार, ज्याचा त्या वेळीं अंमल असेल तो त्या ठिकाणीं आपली खूण रोवूं पाहतो. या खुणांखालीं मूळ बाजारकऱ्यांचें काय होतें, हें कार्मार्थनच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें मोठमोठ्या राजधान्यांच्या इतिहासांतही दिसत नाहीं.

बाजारक्रूस म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. दगडी पायऱ्यांचा एक चौथरा, त्यावर एक उंच खांब आणि खांबाच्या माथ्यावर क्रूस, असें त्याचें साधें रूप होतें. कांहीं संपन्न शहरांत पुढें त्याभोंवतीं कमानी उभारून वर छप्परही घालीत, म्हणजे लोणी-अंडीं विकणाऱ्या बायांस पावसांत आडोसा मिळे. मध्ययुगाच्या आरंभीं इंग्लंडांतील पुष्कळसे बाजार चर्चच्या आवारांत भरत, आणि तेही रविवारीं. कारण आसपासच्या खेड्यांतील लोक त्या दिवशीं तेथें येतच असत. इ. स. १२८५ मध्यें पहिल्या एडवर्ड राजानें विंचेस्टरच्या कायद्यानें चर्चच्या आवारांत बाजार व जत्रा भरविण्यास बंदी केली. बाजार पवित्र भूमीबाहेर गेला खरा, परंतु क्रूस त्याच्या मध्यभागीं राहिला. वजनांत किंवा मापांत लबाडी करणाऱ्याला ती खूण सारखी समोर दिसावी, आणि तिच्या साक्षीनें ठरलेला सौदा मोडण्याची लाज वाटावी, असा त्यांतील भाव होता.

परंतु हा क्रूस केवळ धर्माचा नव्हता. बाजार भरविण्याचा हक्क राजाच्या किंवा सरदाराच्या सनदेनें मिळत असे. आपल्याकडे नवी पेठ वसवितांना शेटे-महाजनांस जसे हक्क व मान लिहून देत, तशांतलाच हा प्रकार होय. म्हणून बाजारांतील क्रूस हें त्या सनदेचेंही चिन्ह होतें. राजाचे हुकूम तेथें वाचून दाखवीत, नव्या राजाच्या राज्यारोहणाची द्वाही तेथें फिरवीत, आणि गुन्हेगारांस चारचौघांत शिक्षा देण्याचीं साधनेंही बहुधा त्याच्या आसपासच असत. धर्म, व्यापार आणि दंड हे तिन्ही ज्या एका दगडापाशीं एकत्र येत, तो दगड म्हणजे बाजारक्रूस.

आतां कार्मार्थनकडे वळूं. हें वेल्समधील सर्वांत जुन्या शहरांपैकीं एक होय. रोमन लोकांचें येथें ठाणें व शहर होतें, आणि त्याचें नांव मोरिडुनुम, म्हणजे समुद्रदुर्ग. काळाच्या ओघांत या शब्दाचा अर्थ लोक विसरले, आणि नांवाच्या अपभ्रंशावरून हें ‘मिर्दिन’ नांवाच्या कोणा पुरुषाचें गांव असावें, असें मानूं लागले. बाराव्या शतकांत मन्मथच्या जेफ्रीनें आपल्या बखरवजा ग्रंथांत याच पुरुषास मर्लिन हें नांव देऊन राजा आर्थरच्या कथाचक्रांत आणून बसविलें, आणि त्याचा जन्म येथलाच ठरविला. स्थळाच्या नांवापासून माणूस निर्माण होतो, आणि मग त्या माणसामुळें स्थळ प्रसिद्धीस येतें, याचें हें मासलेवाईक उदाहरण आहे.

बाराव्या शतकाच्या आरंभीं नॉर्मन राजानें टोवीच्या कांठावरील उंचवट्यावर किल्ला बांधला, आणि त्याच्या आश्रयानें एक नवें शहर वसलें. अशा रीतीनें एका कार्मार्थनचीं दोन शहरें झालीं. रोमन अवशेषांच्या जागीं, मठाच्या सावलींत असलेलें जुनें, आणि किल्ल्याच्या सावलींत असलेलें नवें. जुन्या शहराचा धनी मठ, तर नव्याचा राजा. ‘कार्मार्थनचा काळा ग्रंथ’ म्हणून ओळखली जाणारी, वेल्श काव्याची अतिप्राचीन हस्तलिखित पोथी या मठांतच तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिली गेली, असें मानतात. म्हणजे वेल्श भाषेचा ठेवा एका शहरांत, आणि इंग्रज राजाचा बाजार दुसऱ्या शहरांत. आठव्या हेन्रीनें इ. स. १५४६ मध्यें सनद देऊन दोन्ही शहरें एक केलीं, तोंपर्यंत ही फूट कायम होती.

बाजारक्रूस होता तो या नव्या, किल्ल्याच्या शहरांत, आणि तोही किल्ल्याच्या दाराशीं. या जागेंतच पुष्कळसा इतिहास भरलेला आहे. वेल्समध्यें इंग्रज राजांनीं जीं तटबंदीचीं शहरें वसविलीं, त्यांत व्यापाराचे सनदी हक्क मुख्यतः परक्या वसाहतकऱ्यांस होते, आणि भोंवतालच्या वेल्श शेतकऱ्यानें आपलें धान्य, लोंकर व गुरें या वेशींतून आंत आणून जकात भरून विकावीं, अशी व्यवस्था होती. चौदाव्या शतकांत कार्मार्थनची भरभराट झाली. तिसऱ्या एडवर्डनें इ. स. १३५३ मध्यें ‘स्टेपल’चा कायदा केला. लोंकर, कातडीं, शिसें इत्यादि माल परदेशीं जाण्यापूर्वीं ठराविक शहरांतच आणून, तोलून, त्यावर राजाचा कर भरला पाहिजे, असा त्याचा आशय होता. इंग्लंडांत अशीं अनेक शहरें नेमलीं. सर्व वेल्ससाठीं मात्र एकच नेमलें, तें कार्मार्थन. टोवीला समुद्राची भरती येत असल्यामुळें गलबतें थेट शहराच्या धक्क्यापर्यंत येत.

पन्नास वर्षांच्या आंत या व्यवस्थेस पहिला मोठा धक्का बसला. ओवेन ग्लिनडूरच्या बंडांत, इ. स. १४०३ मध्यें, कार्मार्थन वेल्श बंडवाल्यांनीं घेतलें, आणि दोनच वर्षांनीं फ्रेंच सैन्याच्या मदतीनें पुन्हां एकदां घेतलें. चौकावर आज उभा असलेला किल्ल्याचा दुहेरी बुरुजांचा दरवाजा या विध्वंसानंतर नव्यानें बांधलेला आहे. बंडाच्या काळांत इंग्रज पार्लमेंटनें जे कायदे केले, त्यांत वेल्श माणसानें अशा शहरांत जमीन घेऊं नये व तेथील नागरिकत्वाचे हक्क भोगूं नयेत, अशीं कलमें होतीं. कायदे कडक होते, पण बाजार कायद्याहून जुना. वेल्श माणूस आंत येतच राहिला, आणि दोन-तीन पिढ्यांत शहराच्या कारभाऱ्यांच्या नामावळींतही वेल्श नांवें दिसूं लागलीं.

सोळाव्या शतकांत या क्रूसानें जें पाहिलें, त्यामुळेंच त्याचें नांव ग्रंथांत राहिलें. रॉबर्ट फेरार हा मूळचा यॉर्कशायरचा. तो मठवासी होता, पुढें सुधारक पक्षास मिळाला, आणि सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दींत, इ. स. १५४८ मध्यें, सेंट डेव्हिड्सचा बिशप झाला. कार्मार्थन याच धर्मप्रांतांत मोडतें. माणूस प्रामाणिक व हट्टी होता, पण व्यवहारांत चतुर नव्हता. धर्मपीठाच्या उत्पन्नावर डोळा असलेल्या आपल्याच हाताखालच्या धर्माधिकाऱ्यांशीं त्याचें बिनसलें, आणि त्यांनीं त्याच्यावर ५६ कलमांचा आरोपलेख दाखल केला. त्या कलमांत कांहीं गंभीर होतीं. परंतु मिलफर्ड खाडीच्या कांठीं त्यानें एका सीलास उद्देशून तासभर शीळ घातली, असेंही एक कलम त्यांत होतें! आरोप करणारे त्याच्याप्रमाणेंच सुधारक पक्षाचे म्हणवीत, आणि त्याला तुरुंगाचें दार दाखविलें तेंही प्रॉटेस्टंट राजाच्या अमदानींत, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

इ. स. १५५३ मध्यें मेरी राणी गादीवर आली, आणि कॅथॉलिक धर्म पुन्हां राजधर्म झाला. तुरुंगांत सांपडलेला फेरार नव्या सत्तेच्या हातीं आयताच लागला. पाखंड्यांस जिवंत जाळण्याचे जुने कायदे पुन्हां अमलांत आले, आणि १५५५ च्या फेब्रुवारींत चिता पेटूं लागल्या. दोषी ठरलेल्या प्रमुख धर्मगुरूस शक्य तों त्याच्या स्वतःच्या प्रांतांत नेऊन, ज्यांना त्यानें उपदेश केला त्यांच्याच डोळ्यांदेखत जाळावयाचें, असें धोरण होतें. त्याप्रमाणें फेरारला लंडनहून कार्मार्थनला आणिलें. त्याच्या जागीं बसलेला नवा बिशप हेन्री मॉर्गन हाच न्यायाधीश झाला. मत बदलण्यास फेरारनें नकार दिला, आणि ३० मार्च १५५५ रोजीं, शनिवारीं, बाजारक्रूसाच्या दक्षिण बाजूस त्याला खांबास बांधून जाळण्यांत आलें.

या प्रसंगाची हकीकत जॉन फॉक्सनें आपल्या हुतात्म्यांच्या ग्रंथांत दिली आहे. तो ग्रंथ इ. स. १५६३ मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध झाला. फॉक्स हा कट्टर प्रॉटेस्टंट असल्यामुळें त्याचें लिहिणें पक्षपाताचें आहे, हें विसरतां कामा नये. तो सांगतो कीं, एका सरदाराचा मुलगा, रिचर्ड जोन्स, फेरारला भेटावयास आला आणि अशा यातनामय मरणाबद्दल त्यानें हळहळ व्यक्त केली. तेव्हां फेरारनें त्यास सांगितलें कीं, जळतांना मी एकदां जरी हललेला दिसलों, तरी माझ्या शिकवणुकीवर तूं विश्वास ठेवूं नकोस. आणि तो हलला नाहीं. हात जळून थोटे झाले तरी ते तसेच वर धरून उभा राहिला. शेवटीं ग्रॅव्हेल नांवाच्या माणसानें डोक्यावर काठीचा तडाखा मारून त्याला खालीं पाडलें. ज्या माणसास तीन-चार वर्षांपूर्वीं सीलास शीळ घातली म्हणून हंसत होते, त्याचें हें मरण पाहून त्या गर्दीस काय वाटलें असेल, याची कल्पनाच करावी लागते. गर्दीची हकीकत कोणी लिहून ठेविलेली नाहीं.

या कथेवरून कॅथॉलिक तेवढे क्रूर आणि प्रॉटेस्टंट तेवढे सोशिक, असा निष्कर्ष काढणें मात्र अन्यायाचें होईल. मेरीच्या कारकीर्दींत वेल्समध्यें तिघांस जाळण्यांत आलें; फेरारखेरीज एक कार्डिफचा कोळी रॉलिन्स व्हाइट, आणि दुसरा हॅव्हरफर्डवेस्ट येथें मरण पावलेला विल्यम निकल. पुढें एलिझाबेथच्या राज्यांत पारडें फिरलें. इ. स. १५८४ च्या ऑक्टोबरांत रिचर्ड ग्विन नांवाच्या कॅथॉलिक शाळामास्तरास राजद्रोही ठरवून रेक्सम येथें फांशीं दिलें, तेंही गुरांच्या बाजारांत! धर्म बदलला, राणी बदलली, गुन्ह्याचें नांव बदललें. जागा मात्र बाजाराचीच राहिली. दोन्ही पक्षांचे धर्मशास्त्री एकमेकांस पाखंडी म्हणत होते, पण लोकांस दहशत कोठें बसवावी याविषयीं त्यांच्यांत मतभेद नव्हता.

दैवगतीही विचित्र. फेरारवर आरोप करणाऱ्या मंडळींचा एक म्होरक्या टॉमस यंग हा एलिझाबेथच्या वेळीं, इ. स. १५६० मध्यें, त्याच सेंट डेव्हिड्सच्या आसनावर बिशप म्हणून बसला, आणि लगेच पुढच्या वर्षीं यॉर्कचा आर्चबिशप झाला. परंतु त्याच्यामागून आलेल्या रिचर्ड डेव्हिसनें या प्रांतावर खरे उपकार केले. कार्मार्थनपासून दोनच मैलांवर ॲबरग्विली येथें बिशपाचा वाडा होता. तेथें त्यानें विल्यम सेल्सबरी या विद्वानास बोलावून घेतलें, आणि दोघांच्या परिश्रमांतून इ. स. १५६७ मध्यें ‘नवा करार’ प्रथमच छापील रूपानें वेल्श भाषेंत अवतरला. चितेला बारा वर्षें झालीं होतीं. जाळण्यानें जें साधलें नाहीं आणि जळण्यानेंही जें पुरें झालें नाहीं, तें लोकांच्या भाषेंत एक पुस्तक देण्यानें झालें. वेल्श भाषा आजपर्यंत टिकून राहिली, यांत या ग्रंथाचा व त्यामागून इ. स. १५८८ मध्यें आलेल्या संपूर्ण बायबलाचा मोठा वांटा आहे, असें त्या भाषेचे इतिहासकार मानतात.

क्रूस पुढें कालौघांत नाहींसा झाला. रिकाम्या झालेल्या त्या जागेस नवा मानकरी मिळाला तो एकोणिसाव्या शतकांत. विल्यम नॉट याचा जन्म इ. स. १७८२ चा, त्याचा बाप कार्मार्थनमध्यें ‘आयव्ही बुश’ नांवाची खाणावळ चालवीत असे. मुलगा इ. स. १८०० मध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यांत दाखल झाला, आणि चाळीस वर्षें नोकरी करून पहिल्या अफगाण युद्धांत कंदाहारचा सेनापती झाला. काबूलच्या इंग्रज फौजेचा १८४२ च्या जानेवारींत संहार झाला, तरी त्यानें कंदाहार सोडलें नाहीं. त्याच वर्षीं त्यानें गझनी घेतली, आणि लॉर्ड एलेनबरोच्या हुकुमावरून महमूदाच्या कबरीचे दरवाजे ‘सोमनाथचे’ म्हणून हिंदुस्थानांत आणिले. तें लाकूड चंदनाचें नसून देवदाराचें, आणि कारागिरी सोमनाथची नव्हे, असें पुढें ठरलें. ते दरवाजे आग्र्याच्या किल्ल्यांत पडून आहेत. नॉट इ. स. १८४४ मध्यें स्वदेशीं परतला आणि १ जानेवारी १८४५ रोजीं कार्मार्थनमध्येंच वारला. गांवच्या खाणावळवाल्याचा मुलगा सेनापती होऊन आला, याचा गांवास अभिमान वाटला, यांत अस्वाभाविक कांहींच नाहीं. वर्गणी जमली, राणी व्हिक्टोरियानें त्यांत २०० गिनी घातल्या, आणि कार्मार्थनच्याच एडवर्ड डेव्हिस या शिल्पकारानें केलेला पुतळा इ. स. १८५१ मध्यें चौकांत उभा राहिला.

या पुतळ्यासाठीं लागणारा धातू कंपनी सरकारनें दिला. आणि तो धातू म्हणजे महाराजपूरच्या लढाईंत जिंकलेल्या तोफा! ग्वाल्हेरचे जनकोजीराव शिंदे इ. स. १८४३ च्या आरंभीं निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई अजून वयानें लहान, दत्तक घेतलेले जयाजीराव त्याहून लहान. त्यामुळें दरबारांत मामासाहेब कदम आणि दादा खासगीवाले यांचे तट पडले. हें निमित्त साधून एलेनबरोनें सैन्य चालवून आणिलें, आणि २९ डिसेंबर १८४३ रोजीं महाराजपूर व पनिहार या दोन ठिकाणीं एकाच दिवशीं शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. महादजी शिंद्यांनीं डी बॉइनच्या साह्यानें जो कवायती तोफखाना उभारला, त्याचा वारसा या फौजेकडे होता. महाराजपुरास इंग्रजांचे जवळजवळ ८०० लोक ठार व जखमी झाले. शिंद्यांचे गोलंदाज संगिनींनीं भोंसकले जाईपर्यंत आपल्या तोफा सोडून हलले नाहींत, हें शत्रुपक्षानेंच नमूद केलें आहे. हातीं लागलेल्या ५६ तोफांचें पुढें पुष्कळ कांहीं झालें. विजयी सैनिकांस दिलेलें तारकाकृति पदक त्यांच्याच धातूचें, कलकत्त्याच्या ग्वाल्हेर स्मारकांतही तोच धातू, आणि कार्मार्थनच्या नॉटसाहेबांचें शरीरही त्याच धातूचें. नवल हें कीं, नॉट या लढाईंत नव्हताच. शिंद्यांशीं त्याचें वैर असण्याचेंही कारण नव्हतें.

योगायोग असा कीं, त्याच १८४३ सालीं कार्मार्थनच्या भोंवतालचे शेतकरीही सरकारशीं झगडत होते. रस्त्यांवर ठिकठिकाणीं जकातीचीं फाटकें बसविलीं होतीं, आणि शेताला घालण्याचा चुना आणावयाचा किंवा माल बाजारास न्यावयाचा, तर प्रत्येक फाटकावर पैसे मोजावे लागत. गांजलेले शेतकरी रात्रीं बायकांचा वेष घेऊन तीं फाटकें फोडीत. त्यांच्या पुढाऱ्यास ‘रिबेका’ म्हणत, म्हणून या बंडास तें नांव पडलें. १९ जून १८४३ रोजीं मोठा जमाव कार्मार्थन शहरांत शिरला, त्यानें गोरगरिबांस डांबणाऱ्या सरकारी आश्रमगृहावर हल्ला केला, आणि घोडदळ बोलावून त्यास पांगवावें लागलें. सहा महिन्यांनीं महाराजपुरास तोफा धडाडल्या. वेल्श शेतकरी आणि मराठी गोलंदाज यांनीं एकमेकांचें नांवही ऐकलें नसेल. परंतु एकाच सरकारानें एकाच वर्षीं दोघांस सारखाच धडा शिकविला. आणि आठ वर्षांनीं एकाच्या बाजारांत दुसऱ्याच्या तोफा वितळवून पुतळा उभा राहिला.

या चौकाचा इतिहास असा आहे. फेरारचें स्मरण तेथें फलकरूपानें आहे, आणि तें योग्यच आहे. नॉटचें स्मरण उंचावर आहे. गांवानें आपल्या मुलाचा गौरव केला, त्याबद्दलही आमची तक्रार नाहीं. परंतु जकात देऊन लोंकर विकणारा वेल्श माणूस, कोणी सांगितलें म्हणून जळत्या बिशपाभोंवतीं उभी राहिलेली गर्दी, आणि महाराजपुरास तोफेपाशीं मेलेला गोलंदाज, यांचें नांव तेथें कोठेंही नाहीं. त्यांतल्या त्यांत गोलंदाजाची गोष्ट अधिकच चमत्कारिक. फलकावर तो नाहीं, पण प्रत्यक्ष पुतळ्यांत तोच भरलेला आहे. इतिहासाचें काम स्मारकावरचीं अक्षरें पुन्हां वाचून दाखविण्याचें नव्हे. स्मारक कोणत्या धातूचें आहे, तो धातू कोठून आला, आणि त्याच्या आधीं त्या जागीं काय होतें, हें विचारण्याचें तें काम आहे. हा प्रश्न आपल्या गांवोगांवच्या चौकांतील पुतळ्यांसही विचारण्याची संवय आपण लावून घेतली, तर इतिहासाच्या नांवाखालीं आपल्याकडे जो पुष्कळसा जयघोष चालतो, त्याला थोडासा आळा बसेल, असें आम्हांस वाटतें.